हिरवी पेन्सिल

नव्या शहराचे प्लॉट पाडणाऱ्या ऑफिसात साहेबांशी तीन वर्षं डोकेफोड करून दिनानाथने करावे गावाजवळची पाणथळ जागा भरावापासून वाचवली आणि ऑफिसच्या नकाशात स्वतःच्या हाताने हिरव्या पेन्सिलीने रंगवली. त्यातच पार थकून गेला बिचारा. रविवारी तो बायकोला, अरुणाला, भगवान कोळ्याच्या होडीतून तिथले बगळे दाखवायला घेऊन गेला.

वल्हं मारता मारता भगवानने विचारलं, “सायेब, हितं आता भराव नाय ना टाकनार कोन?”

“नाही रे बाबा,” दिनानाथ दमल्या आवाजात म्हणाला, “जागा राखीव करून घेतलीय.”

अरुणाने मोठ्या कौतुकाने नवऱ्याकडे पाहिलं.



“स्टाफसाठी ना? मग उद्याच प्लॉटचा अर्ज टाका. खिडकीतून रोज बगळे दिसतील.”