गेटवरचा पहारा

पंचायत समितीत दीपमालाताईंकडे एकाच मताचं बहुमत होतं. त्यामुळे सभापतिपदाच्या निवडणुकीआधी त्यांनी आपल्या साऱ्या सदस्यांना देवदर्शनाच्या नावाखाली गाडीत घातलं आणि खामगावच्या पलीकडे एका फार्महाऊसवर नेऊन ठेवलं. राखणीला माणूस त्या सदस्यांतलाच होता. अर्धं आयुष्य सीमेवर काढून राजकारणात आलेले सुभेदार मोतीराम.

सुभेदारांनी उतरल्या उतरल्या सगळ्यांचे मोबाईल बंद करून पिशवीत भरले आणि गेटवर खुर्ची टाकली.

"ताई, तुम्ही बिनघोर राहा. दुश्मनाले नाही भ्यालो, तं हे समोरचे कोण लागून गेले?"

शिस्त अशी कडक, की सदस्य फारुखभाईंना नातू झाल्याचा निरोपसुद्धा सुभेदारांच्याच फोनवर आला. ताईंनी तेव्हाच पेढ्यांची ऑर्डर देऊन टाकली. फारुखभाईंच्या नातवाचे आणि आपल्या सभापतिपदाचे, एकदमच.

निवडणुकीच्या दिवशी सगळे सदस्य रांगेत सभागृहात आले. एकही फुटला नव्हता. मग विरोधकांनी आपला उमेदवार जाहीर केला: सुभेदार मोतीराम! हात वर झाले आणि ताई एका मताने पडल्या.

गुलालाने माखलेल्या सुभेदारांसमोर त्या जाऊन उभ्या राहिल्या. "सुभेदारसाहेब, तुम्ही? काऊन केलं असं?"

सुभेदारांनी गळ्यातला हार नीट केला.



"काय करू ताई? त्यायनं सगळ्यायले फोन लावून पाह्यले. लागला फक्त माह्याच."