बर्फाचे दोन तुकडे

रविवारी दुपारी चारच्या सुमारास पटावरची लाकडी खार बर्फात अडकली आणि हेनिंगचं सगळं कुटुंब एकदम हरलं. या खेळात कुणी एकटा जिंकत नाही. सगळ्यांनी मिळून खारीला घरी न्यायचं, नाहीतर सगळेच हरतात. टीव्हीवर मॅच सुरू व्हायला आली होती, म्हणून बायको झिल्के केक कापत असताना हेनिंगने खेळातल्या बर्फाचे दोन तुकडे हळूच खारीच्या वाटेवर सरकवले होते.

"एवढ्यात इतका बर्फ?" झिल्के म्हणाली.

"मी ठेवला," पाच वर्षांची टॉम्के पटकन म्हणाली.

"लबाड कुठली! मग आज तुझ्या केकवर क्रीम नाही."

हेनिंगच्या केकवर क्रीमचा डोंगर होता. त्याने त्यात चमचा खुपसला.

 

झिल्के आत गेल्यावर टॉम्के त्याच्या कानाशी लागली. "मी पाहिलं होतं, पपा. पण आपण सगळे एकाच बाजूचे ना?"