शहरवाली

"ताई, धरलंयस ना?" धाकटीनं संडासाच्या आतून विचारलं.

"धरलंय."

दाराला कडी नव्हती. कडीच्या जागी भोक, भोकातून दोरी ओवलेली. एकीनं आत बसायचं, दुसरीनं बाहेरून दोरी ताणून धरायची. वस्तीतल्या बायकांच्या जोड्या ठरलेल्या होत्या. आज थोरली गावाहून आलेल्या बहिणीसाठी उभी होती. मागं रांग.

"आमच्याकडं बरं आहे बाई," आतून आवाज आला. "योजनेत घर मिळालं, त्याला लागूनच संडास. आतून कडी. तासभर बसा, कुणी विचारत नाही."

थोरलीनं दोरी आणखी ताणली. कालपासून ऐकत होती. घर झालं, नळ झाला, ओटा झाला. आता कडी. जिचं शेंबडं नाक आपण पुसलं, ती कडी लावून बसते!

मागं वस्तीत योजनेचा साहेब आला होता. देशातली गरिबी कमी करायचा आराखडा आहे, म्हणाला. बायकांनी विचारलं, मग आमची घरं? साहेब हसला. "घरं गावांना. शहराच्या वाट्याला विकास. तुम्ही शहरात आलात, म्हणजे वर आलातच की!"

झाला विकास. वस्तीवरून पूल गेला. पुलाच्या खांबांना रंगीत दिवे लागले आणि बायकांचा अंधाराचा आडोसाही गेला.

"ताई, पोरीला तुझ्याकडं ठेवीन म्हणते. शिकेल, माणसांत येईल. तुमचं काय बाई, तुम्ही शहरवाल्या."

"ठेव. माझीला तू ने."

"काहीतरीच! तिला गावात काय आहे?"

थोरलीची पोर मोठी झाल्यापासून दिवसभर पाणी पीत नव्हती. परवा ती आत असताना दोरी धरलेल्या मैत्रिणीला ढकलून एकानं दार उघडलं होतं. तेव्हापासून पोर जेवतही नव्हती.

"बरं, बघू पुढं," धाकटी म्हणाली. "झालं माझं. सोड."

थोरलीनं दोरीचा वेढा मनगटाला घेतला.

"ताई?" दार आतून हललं. "अगं, वास मारतोय!"

"मारू दे. शहराचा आहे. आधी सांग, नेणार की नाही?"

"डोकं फिरलं का तुझं? उघड!"

"नेणार की नाही?"

"ए बाई, सोड की!" रांगेतली एक कळवळली. "इथं आमचा जीव चाललाय."

थोरलीनं वळूनही पाहिलं नाही. दोरी मनगटात रुतली होती.

आतून रडका आवाज आला, "नेते! नेते गं बाई, पोरीला नेते!"

मघाशी कळवळलेली बाई दोन पावलं पुढं आली, दाराला तोंड लावून हळूच म्हणाली,

"माझी पण आहे गं एक. कोपऱ्यात निजेल."