किती दिवस घ्यायची

ताईच्या पत्राला उत्तर द्यायचं राहिलं होतं. पाच आठवडे ते टेबलावर, शब्दकोशाखाली पडून होतं. प्रश्न साधा होता. "सकाळच्या त्या गोळीने तुझी छातीतली जळजळ थांबली, असं तू लिहिलं होतंस. मीही तीच आणून रोज घेते आहे. चार महिने झाले. पण किती दिवस घ्यायची, ते लिहायला विसरलास, पंडित."

घरात सगळे त्याला पंडितच म्हणत. चाळीस वर्षं त्याने छापखान्यात मुद्रितं तपासली होती. कोणाला काही अडलं, की तो पुस्तकं उघडून बसे. थोरली बहीण तर त्याचं पत्र म्हणजे काळ्या दगडावरची रेघ मानायची.

या वेळी त्याने तीन उत्तरं लिहिली आणि तिन्ही फाडली. शेवटी स्वतःच्या गोळ्या संपल्या, तेव्हा औषधांच्या दुकानात ताईचा प्रश्न धीर करून विचारला.

"काका, तुम्ही स्वतः किती दिवस घेताय?" दुकानातल्या बाईंनी उलट विचारलं.

"सहा वर्षं."

"डॉक्टरांनी किती सांगितली होती?"

तो घुटमळला. "दोन आठवडे."

मागे उभा असलेला माणूस खुदकन हसला. बाई हसल्या नाहीत.

"काहींना वर्षानुवर्षं लागतेही. पण ते डॉक्टरांनी ठरवायचं, आपण नाही. आणि ताईंना गिळताना अडकतं का? वजन उतरलंय? शौचाला काळं होतं? तसं असेल तर थांबू नका. गोळीने दुखणं नुसतं झाकलं जातं."

घरी येऊन त्याने पत्र पुन्हा काढलं. समासात, आडव्या ओळीत, तिने लिहिलं होतं, "घास हल्ली छातीत अडकतो. वय झालं, दुसरं काय." ही ओळ त्याने पाच आठवड्यांत कितीदा तरी वाचली होती. आणि दरवेळी तिच्या प्रश्नाकडे वळला होता.

फोनवर बोलायचं म्हटलं की तो टाळाटाळ करी. त्या दिवशी चपलाही न काढता लावला.

"ताई, उद्या सकाळची गाडी पकड. इथे डॉक्टरांना दाखवू."

"अरे, गोळीने बरं आहे की मला!"

"तू ये."

पंडिताने स्वतःहून फोन केला होता. म्हणून ती आली.

दुर्बिणीतून तपासणी झाली, लहानसा तुकडाही तपासायला पाठवला. निकाल येईपर्यंत चार दिवस त्याचं वाचनात लक्ष लागलं नाही. अन्ननलिकेत व्रण होता, नळी जराशी आवळली होती. बाकी वाईट काही नव्हतं. डॉक्टरांनी ताईला औषध लिहून दिलं, नाश्त्याच्या अर्धा तास आधी, आठ आठवडे, आणि फेरतपासणीची तारीख. मग त्यांनी पंडिताकडे मोर्चा वळवला. त्याची गोळी एकदम बंद न करता हळूहळू कमी करायची ठरली.

"याच्याही पोटात दुर्बीण घाला, डॉक्टर," ताई म्हणाली. "नुसती पुस्तकं निघतील."

आठवडाभराने ताई बॅग भरायला बसली. आता तिला निवांत जेवता येत होतं.

"माझ्या पत्राचं उत्तर?"

"आता कशाला? सगळं कळलंय की तुला."

"मी पत्र लिहिलंय. उत्तर पत्रानेच पाहिजे. घरी गेल्यावर वाचीन."

तो टेबलाशी बसला आणि पाच मिनिटांत उठला. दोघं कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत चालत गेली.

"एवढ्यात झालं? पाच आठवडे सुचत नव्हतं ना? काय लिहिलंस?"

पाकीट आत पडल्याचा आवाज आला. मगच तो बोलला.

"पहिल्याच दिवशी लिहायला हवं होतं ते. 'मला माहीत नाही.'"