निजलेल्या राजकन्येच्या उशाला

राक्षसाच्या जबड्यात हात घालून साधनानं दोन तिकिटं घेतली. तिच्या बांगड्या सिमेंटच्या दातांवर खळखळल्या. हातभर बांगड्या घालायची तिची जुनी हौस. ती कुठल्या खोलीत आहे, हे घरातल्यांना न बघता कळायचं.

"राक्षसासंगं फोटू काढू का, काकी?" बरोबर आलेल्या नीलमनं विचारलं.

"फोटू काढाया न्हाई आले मी. कुठं हाय ती भवानी, तेवढं दाखव."

भांडगावजवळचं हे गोष्टीनगर एकेकाळी नुसता माळ होता. साधनाच्या नवऱ्याच्या, मल्हारीच्या आजानं इथं मेंढरं बसवली होती. पुढं आनंदरावांनी माळ विकत घेऊन हायवेलगत धाबा टाकला आणि गिऱ्हाइकांची पोरं गप्प बसावीत म्हणून दारात एक राक्षस उभा केला. लोक जेवण विसरले, पण राक्षसासाठी परत आले. मग राक्षसाचा जीव असलेला पोपट आला, राजवाडा आला, आवडती-नावडती राण्या आल्या. धाबा बंद पडला, गोष्टी चालू राहिल्या. दर दिवाळीला रंग नवा, त्यामुळं राजाच्या मिशा दरवर्षी थोड्या वाढत.

पुतळ्यांना लोक कंटाळले, तेव्हा आनंदरावांनी एक जिवंत राजकन्या नोकरीला ठेवली. ती महालात पलंगावर दिवसभर निजून असायची. जो तिला डोळे उघडायला लावील, त्याचे तिकिटाचे पैसे परत. आजवर ते कुणालाच मिळाले नव्हते.

त्याच महालात नीलमनं मल्हारीला पाहिलं होतं. ती साधनाच्या पुतण्याची बायको, गेल्याच वर्षी लग्न होऊन कवठे येमाईला आलेली. माहेरच्या पोराबाळांना घेऊन ती गोष्टीनगर बघायला आली होती.

"आप्पा दोरीला धरून हुभं हुतं," तिनं घरी येऊन हसत सांगितलं. "टक लावून बघत हुतं तिच्याकडं."

साधनाला हसू आलं नाही. मल्हारी शेजाऱ्याच्या पिकअपमधून केडगावच्या बाजारात कांदा पोचवायला जायचा. दिवाळीपासून तो निघताना दाढी करू लागला होता. डबाही वाढला होता. जन्मात गोडाला तोंड न लावणारा माणूस सांगायचा, "गुळाच्या पोळ्या टाक दोन. तूप लाव वाईच." आणि ही वेडी सकाळी सगळी कामं टाकून पोळ्या लाटत बसायची!

त्या पोळ्या कोण खातं, हे आता कळलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"आप्पा तसं न्हाईत, काकी," चालता चालता नीलम म्हणाली.

"तू मला सांगू नगंस, कसं हायती ते."

मल्हारी कसा आहे, हे साधनाला पुरतं ठाऊक होतं. दगड. तंबाखू सोडताना त्यानं देवापुढं बेल-भंडारा उचलून शपथ घेतली आणि पुन्हा चिमूट मळली नाही. एकुलत्या लेकीनं, हर्षदानं, मनानं लग्न केलं तेव्हाही उचलला. तिच्या नजरेला नजर द्यायची नाही. त्यानं नाही आणि घरातल्या कुणीच नाही. साधनानं त्याचे पाय धरले, अन्न सोडलं, पण चार वर्षं झाली, घरात पोरीचं नाव निघालं नाही. पोटच्या पोरीसाठी न पाझरलेला हा माणूस एका रंगवलेल्या परक्या पोरीपुढं पाझरत होता. हेच तिला सगळ्यात जास्त झोंबत होतं.

वाटेत गोठ्याच्या दाराशी नावडती राणी उभी होती. यंदा तिच्या लुगड्याला रंग द्यायचा राहून गेला होता. साधनानं तिच्याकडं एकदा बघितलं आणि तोंड फिरवलं.

महालात अंधारलेलं होतं. एक शाळेची सहल ओरडून ओरडून थकून बाहेर पडत होती. मागं एकटा मल्हारी राहिला होता, पाठमोरा, टोपी काखेत धरून. पलंगावरच्या मुलीचा चेहरा त्याच्या पाठीआड होता. दिसत होते ते नुसते सोनेरी नकली केस आणि मेंदी लावलेला हात.

मल्हारी दोरीवरून वाकला आणि डबा तिच्या उशाला सरकवला.

"डोळं उघडू नगंस हां," तो म्हणाला. इतक्या मऊ आवाजात तो साधनाशी लग्नाच्या पहिल्या वर्षातसुद्धा बोलला नव्हता. "पोळ्या हायती. समदी गेली की खा."

मुलीनं डब्यावर हात ठेवला, जसा काही तो तिचाच होता.

साधनाला पुढचं काही दिसेना. नीलमनं तिचा पदर धरला, तो तिनं हिसकावला. दोरी ओलांडली, मल्हारीला बाजूला ढकललं आणि त्या सोनेरी केसांत हात घातला. बांगड्या खळखळल्या. केसांचा टोप तिच्या मुठीत निघून आला.

पलंगावरच्या मुलीनं डोळे आणखी घट्ट मिटून घेतले.

"आप्पा, आय आली व्हय?" ती म्हणाली. "मी न्हाई डोळं उघडत. तिला बगू द्या मला."