अर्ज मागे घेताना

फोनवर नुसतं बोलायचं होतं, तरी आईने लिपस्टिक लावली.

"अगं, ती तुला बघणार नाहीये," ईशानी म्हणाली.

"माहितीये. पण नकार द्यायचा तर माणसाने जरा नीटनेटकं असावं."

बर्मिंगहॅमच्या घरातल्या स्वयंपाकघरात दोघी टेबलाशी बसल्या. मध्ये फोन, स्पीकरवर. ईशानीला अमेरिकेतल्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. अर्ज करतानाच लिहून दिलं होतं, की घेतलंत तर मी येणारच, दुसरीकडे कुठे जाणार नाही. आता कॉलेजची मदत धरूनही खर्च झेपत नव्हता. दिलेला शब्द मागे घ्यायचा होता.

"हॅलो, ईशानी. मी मिसेस हॉलिस, कॉलेजच्या प्रवेश विभागातून." संथ, अमेरिकन इंग्रजी. शाळेत ईशानीची कायम 'इशॅनी' व्हायची. या बाईंनी पहिल्याच फटक्यात नाव बरोबर घेतलं.

आईने पाठ केलेली इंग्रजी वाक्यं म्हणून टाकली. खर्च परवडत नाही, आम्ही दिलगीर आहोत, मुलीला मोकळं करा.

"तुमची मदत आम्ही जुन्या उत्पन्नावर ठरवली आहे," हॉलिसबाई म्हणाल्या. "त्यानंतर घरात काही बदललंय का?"

बाबा मार्चमध्ये गेले होते. ईशानीने आईकडे पाहिलं.

"नाही," आई म्हणाली.

"आई, सांग ना तिला," ईशानी मराठीत कुजबुजली.

"गप बस. त्यांच्या जाण्याचं भांडवल करायचं नाहीये मला." मग फोनकडे वळून आई इंग्रजीत म्हणाली, "सॉरी, वी आर जस्ट डिस्कसिंग."

"टेक युवर टाइम," हॉलिसबाई म्हणाल्या.

आईने ते शब्दशः घेतलं. खुर्ची ओढून ती ईशानीच्या जवळ सरकली. "काय गोड बाई आहे. फी मात्र एक पेनी सोडत नाही."

"तिच्या हातात नसतं गं ते."

"तुला वाईट वाटतंय?"

"नाही. मी इथल्याच युनिव्हर्सिटीत जाईन. ट्रेनने जाईन, ट्रेनने येईन, तुझा पोळ्या खाईन."

"तुझ्या."

"तुझ्या पोळ्या."

"निकाल आला तेव्हा तू जिन्यात नाचत होतीस. बघितलंय मी. बाबाही नाचायला लागले तेव्हा वाटलं, जिना मोडणार." आई टेबलावरचा न दिसणारा चुरा गोळा करायला लागली. "त्यांचा पगार असता तर जमलं असतं. माझ्या लायब्ररीच्या अर्ध्या नोकरीत तुझी पुस्तकंसुद्धा येणार नाहीत तिकडची."

"तेच सांग की तिला. बाबा गेले, पगार गेला."

"आणि तिने कीव करून दिलं, तर घेशील तू?"

ईशानीने खरंच विचार केला. "घेईन."

आई हसू दाबायला गेली आणि फसली. मग ईशानीही हसायला लागली. बाबा गेल्यापासून या टेबलाशी दोघी अशा हसल्या नव्हत्या. आईने डोळे पुसले, तोंडावरून हात फिरवला, त्यात लिपस्टिकही गालावर गेली.

"निर्लज्ज. अगदी बापावर गेलीयेस."

"थँक यू."

आई ताठ बसली. "मिसेस हॉलिस," ती इंग्रजीत म्हणाली, "आमचं ठरलंय. अर्ज रद्द करा."

पलीकडून नाक शिंकरल्याचा आवाज आला.

"सर्दी झालीये वाटतं बिचारीला," आई हळूच म्हणाली.

"सर्दी नाही, काकू," फोनमधून आवाज आला, अडखळत, पण मराठीतच. "काकांच्या डेथचा दाखला पाठवा. कीव नाही, रूल आहे तो. मी अजून काहीच कॅन्सल केलं नाहीये."