पायरीला काय म्हणायचं

“कर्ली,” बाई म्हणाल्या. “म्हणा.”

“कर्ली.” मिस्त्रीनं शब्द तोंडात घोळवून पाहिला. “म्हणजे एक पायरी वर, एक खाली, असा जिना असला तर कर्ली म्हणायचं?”

“कर्लीच.”

कुरळ्या केसांचा शब्द बाईंनी बिनदिक्कत जिन्याला चिकटवला. पायरीच्या फुटक्या कडेसाठी त्यांनी आधीच ‘लम्पी’ देऊन टाकला होता, गाठी झालेल्या गादीचा. मिस्त्री बिचारा मान डोलावत घोकत होता. बिचारा कसला! बाईंच्या लेखी तो माणूसच नव्हता.

आपण रस्ता, भिंत, फरशी, सगळ्यांना ओबडधोबड म्हणून मोकळे होतो. इंग्रजीत तसं चालत नाही. रस्ता बम्पी, फरशी अनईव्हन, डोंगर रगेड, फुटक्या काचेची कड जॅग्ड. एकाचा शब्द दुसऱ्याला लावला की ऐकणाऱ्याला हसू आवरत नाही. शिकवणीच्या पोरांच्या असल्या चुका सुधारता सुधारता बाईंचे केस पिकले होते. आता पहिल्यांदाच त्या चूक शिकवत होत्या, आणि अगदी मन लावून.

त्यांचा धाकटा भाऊ वायरमन होता. एका नव्या इमारतीत खांद्यावर वायरचं बंडल घेऊन जिना उतरताना पडला, तो गेलाच. जिना याच मिस्त्रीनं बांधलेला. एक पायरी बाकीच्यांपेक्षा उंच आणि तिची कड फुटलेली, हे बाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मग ती पायरी तोडून तिथे नवी घातली गेली आणि चौकशीत निघालं की जिना ठीकच होता, पोरगा प्यायलेला होता. साक्ष कुणाची? मिस्त्रीची!

ज्या पोरानं दारूला कधी हात लावला नाही, त्याला गल्लीतली माणसं दारुडा म्हणू लागली. आईनं दाराबाहेर पडणं सोडलं. “त्याच्यावरचं एवढं किटाळ गेलं की मी डोळे मिटायला मोकळी,” ती म्हणायची. बाईंनी इमारत बांधणाऱ्या परदेशी कंपनीचे उंबरे झिजवले. कुणी दाद दिली नाही.

आणि एक दिवस हा माणूस आपल्या पायांनी चालत त्यांच्या शिकवणीत आला. बाईंचं आडनाव सासरचं, त्यामुळे त्याला काही कळायचं कारण नव्हतं.

“परदेशी साहेबांसमोर बोलायचंय, स्क्रीनवर,” तो म्हणाला होता. “इंजिनियर लोकांत राहून कामापुरतं इंग्रजी येतं मला. हे खडबडीत, उंचसखल असले शब्द तेवढे येत नाहीत. आणि बाई, आमच्या ठेकेदाराला पत्ता लागता कामा नये. लागला तर माझी नोकरी गेलीच म्हणून समजा.”

बाईंनी काय ते ओळखलं. कंपनीच्या परदेशी साहेबांकडे, तिकडेच नोकरी लागत होती गड्याला! भावाला संपवून हा आता विमानात बसणार. बस म्हणावं. साहेब पोट धरधरून हसतील तेव्हा कळेल, चारचौघांत माणसाची अब्रू जाते म्हणजे काय होतं.

“बाई,” वही मिटताना मिस्त्री म्हणाला, “उद्या सोबत याल? नुसत्या मागे बसा. मला धीर येईल.”

“येते की. तुमचं बोलणं मला ऐकायचंच आहे.”

हे मात्र त्या अगदी खरं बोलल्या.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या ऑफिसात, लांबलचक टेबलाच्या टोकाला मिस्त्री धुतलेला शर्ट घालून बसला. बाई मागच्या खुर्चीत. समोर स्क्रीनवर दोन साहेब आणि एक मॅडम. बाईंनी पदराआड हसू तयारच ठेवलं होतं.

मिस्त्रीनं खाकरून घसा साफ केला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्यानं सुरुवात केली. मागच्या चौकशीत मी सगळं खरं सांगितलं होतं, पण दुभाष्या ठेकेदाराचा माणूस होता, त्यानं माझं बोलणं फिरवलं. म्हणून आज मी माझ्या तोंडानं सांगणार. तो वायरमन पोरगा प्यायलेला नव्हता, साहेब. चूक जिन्याची होती, आणि जिना मी बांधला होता.

बाईंनी खुर्चीचा हात गच्च धरला.

“आम्ही हे शेवटचंच ऐकतो आहोत,” मोठे साहेब इंग्रजीत म्हणाले. “नेमकं सांगा. काय झालं होतं त्या जिन्याला?”

बाई ‘अनईव्हन’ सांगायला खुर्चीतून उठल्या. पण मिस्त्रीनं त्यांच्याआधीच तोंड उघडलं.

“दी स्टेप्स वेअर कर्ली, सर,” मिस्त्री ठणठणीत आवाजात म्हणाला. “व्हेरी कर्ली. अँड दी एज वॉज लम्पी.”

मॅडमनी हसू दाबायला तोंडावर हात धरला. धाकटे साहेब तर खो खो हसत सुटले. हासुद्धा पिऊनच आलाय की काय, असं मोठ्या साहेबांनी शेजारच्याला विचारलं आणि प्रकरण बंद करा म्हणाले. स्क्रीन काळी झाली.

मिस्त्री गोंधळून मागे वळला.

“बाई,” त्यानं विचारलं, “शब्द बरोबर होते ना?”